उंबरठ्यावरचा करार

या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच कीं, आमचा अधिकार शब्दरूपें, समास आणि मुलांचें अक्षर यांपलीकडे जात नाहीं. तथापि या महिन्याचा विषय संगणकाचा आहे. हल्लीं पुष्कळ घरांतून मुलगा किंवा सून याच व्यवसायांत असते. जेवतांना 'सर्व्हर', 'फास्ट-सीजीआय' असे शब्द कानांवर पडतात, आणि वडील माणसें आमटी पुन्हां वाढून घेऊन गप्प बसतात. आम्हीही असेच गप्प बसत होतों. परंतु या शब्दाच्या अज्ञानामुळें गेल्या वर्षीं आमच्या हातून एका निरपराध मुलावर अन्याय घडला. तेव्हां तो शब्द समजून घेणें आम्हांस भाग पडलें. जें समजलें तें आमच्यासारख्याच इतरांपुढें ठेवावें, म्हणून हें टिपण.

सेवानिवृत्त झाल्यापासून आम्ही आठवड्यांतून तीन दिवस सायंकाळीं घरच्या ओसरीवर संस्कृताचा वर्ग घेतों. बावीस मुलें येतात. नुसत्या घोकंपट्टीस मुलें कंटाळतात, म्हणून आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें पायथन भाषेंत एक प्रोग्रॅम लिहून दिला. ही मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकते. मुलानें घरच्या घरीं पत्ता उघडावा, आपलें नांव घालावें, वीस शब्दरूपें लिहावीं, आणि त्याची उत्तरपत्रिका आमच्याकडे जमा व्हावी, इतकेंच त्या प्रोग्रॅमचें काम. त्यासाठीं बंधूंच्या घरचा एक जुना संगणक कामास लावला.

आतां मूळ व्यवस्था पाहूं. जुन्या वाड्यास दार असतें, ओसरी असते आणि आंत स्वयंपाकघर असतें. इंटरनेटवरून येणाऱ्या मागणीचें स्वागत करणारा वेब-सर्व्हर हा दारापाशीं उभा असतो. चित्रें किंवा एकदां लिहून ठेवलेलीं पानें कोणी मागितलीं तर तीं तो स्वतःच काढून देतो. परंतु प्रत्येकास निराळें उत्तर तयार करून द्यावयाचें असेल, तर तें काम स्वयंपाकघरांतील प्रोग्रॅमचें. दारावरचा आणि आंतला हे दोघे निरनिराळ्या लोकांनीं घडविलेले असतात; त्यांनीं एकमेकांशीं कोणत्या रीतीनें बोलावें हें आधीं ठरलेलें असलें पाहिजे. असा पहिला सर्वमान्य करार १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन्‌सीएसए या केंद्रांत ठरला. त्याचें नांव सीजीआय. पाहुण्यानें काय मागितलें, तो कोठून आला, हें सारें नांवांच्या यादीच्या रूपानें प्रोग्रॅमपुढें मांडावें; त्यानें पाठविलेला मजकूर प्रोग्रॅमच्या आवक-मार्गावर सोडावा; आणि प्रोग्रॅमच्या जावक-मार्गावर जें येईल तें पाहुण्यास द्यावें, असा तो साधा करार होता. तो इतका टिकाऊ ठरला कीं, २००४ सालीं त्याचें रीतसर टिपण प्रसिद्ध झालें, तोंवर जगभर त्यावर लक्षावधि पानें चालत होतीं.

त्यांत एकच गोष्ट खर्चाची होती. प्रत्येक मागणीस प्रोग्रॅम नव्यानें सुरू होई आणि उत्तर देऊन संपे. म्हणजे पाहुणा आला कीं नवा आचारी बोलवावा, त्यानें चूल मांडावी, सरपण आणावें, तांदूळ निवडावे, एक पान वाढावें आणि चूल मोडून निघून जावें. लगेच दुसरा पाहुणा आला कीं पुन्हां तेंच. आमच्या प्रोग्रॅमचा प्रथम हाच थाट होता. दर वेळीं पायथन जागें व्हावयाचें, शब्दरूपांचा सगळा संग्रह वाचावयाचा, आणि मग एका मुलास एक पान द्यावयाचें. एक मूल असतां चाले. सहा-सात मुलें एकदम आलीं कीं संगणकाचा श्वास कोंडे. मुलें पुन्हां पुन्हां कळ दाबीत, आणि त्यानें गर्दी अधिकच वाढे.

यावर उपाय १९९६ सालींच निघाला होता. अमेरिकेंतील ओपन मार्केट या कंपनीनें त्या वर्षाच्या एप्रिलमध्यें फास्ट-सीजीआयचा करार प्रसिद्ध केला. मार्क ब्राउन हे त्याचे लेखक. कल्पना अगदीं घरगुती आहे: चूल विझवूं नये. अग्निहोत्र्याच्या घरीं गार्हपत्य अग्नि अखंड राखलेला असतो, दर वेळीं अरणी घांसावी लागत नाहीं. तसाच प्रोग्रॅम एकदां सुरू करून जागा ठेवावयाचा, आणि दारावरच्यानें त्याच्याकडे चिठ्ठ्या धाडावयाच्या. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर आठ बाइटांचा मथळा असतो. चिठ्ठी कोणत्या प्रकारची, कोणत्या मागणीची, आणि तिच्यांत मजकूर किती, हें त्यांत लिहिलेलें असतें. एका चिठ्ठीत जास्तींत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. मजकूर मोठा असेल तर चिठ्ठ्या अधिक. पहिली चिठ्ठी 'मागणी सुरू' असें सांगते, पुढच्या यादी आणि मजकूर आणतात, आणि ओळीनें रिकामी चिठ्ठी आली म्हणजे तो भाग संपला असें समजावयाचें. उत्तरही अशाच चिठ्ठ्यांनीं परत जातें, आणि शेवटीं 'मागणी पुरी झाली' अशी चिठ्ठी येते. आचारी मात्र जागचा हलत नाहीं.

भाचरें-पुतणे असलेल्या घरांत उत्साहास तोटा नसतो. आमच्या पुतणीनें एका रविवारीं लाइटटीपीडी नांवाचा सर्व्हर बसविला. हा यान क्नेश्के या जर्मन गृहस्थांनीं २००३ सालीं सुरू केलेला, अंगानें हलका आणि जुन्या संगणकास मानवणारा. त्याची एक सोय अशी कीं, प्रोग्रॅम कोठें आहे एवढें सांगितलें तर तो स्वतःच त्यास सुरू करतो. त्यानें प्रोग्रॅमच्या दोन चालत्या प्रती उभ्या केल्या, म्हणजे स्वयंपाकघरांत दोन आचारी झाले. पानें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों दिसूं लागलीं. मुलें खूष, आम्ही खूष.

तिसऱ्या आठवड्यांत चांचणी झाली. उत्तरपत्रिका तपासतांना एका मुलाच्या पत्रिकेंत 'सखि' शब्दाचें चतुर्थीचें एकवचन 'सखये' आणि 'पति' शब्दाचें तृतीयेचें 'पतिना' असें आढळलें. या चुका हरि शब्दाच्या चालीवर कोणीही करतो. परंतु 'पथिन्' शब्दाचें तृतीयेचें बहुवचन त्यानें 'पन्थाभिः' असें लिहिलें होतें, आणि ही चूक चाळीस वर्षांच्या शिकवणींत आम्हीं क्वचितच पाहिली असेल. दहा मिनिटें आधीं जमा झालेल्या एका मुलीच्या पत्रिकेंत याच तीन चुका, याच तीन जागीं, अक्षरशः होत्या. शिक्षकास याहून अधिक पुरावा काय हवा? दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं त्या मुलास उभें केलें.

"गुरुजी, ते तीन प्रश्न मीं सोडले होते," तो म्हणाला.

"सोडलेल्या प्रश्नांत उत्तरें आपोआप उगवतात काय?" आम्हीं विचारलें. मुलें हसलीं. तो खालीं पाहूं लागला. आम्हीं त्यास शून्य गुण दिले आणि वहींत पालकांसाठीं दोन कडक ओळी लिहिल्या. सायंकाळीं त्याच्या आईचा फोन आला. "गुरुजी, तो नापास झाला तरी आम्हांस चालेल," त्या बाई शांतपणें म्हणाल्या, "पण न केलेली चोरी तो कबूल करणार नाहीं." त्या दिवसापासून मुलगा यावयाचा थांबला. तोरा मोडला म्हणून रुसला आहे, असें आम्हीं मनांत म्हटलें आणि तो विषय सोडून दिला.

पंधरा दिवसांनीं दुसरी चांचणी झाली. तापानें अंथरुणास खिळलेल्या एका मुलीनें, हजेरी चुकूं नये म्हणून, फक्त नांव घालून कोरी पत्रिका धाडली. तिच्या वडिलांनीं तसें आम्हांस आधीं कळविलेंही होतें. आमच्याकडे ती पत्रिका चौदा उत्तरांनिशीं पोहोंचली. ती पाहतांच आमच्या हातांतील चष्मा हातांतच राहिला. सोडलेल्या प्रश्नांत उत्तरें खरोखरच उगवत होतीं!

पुतणीस बोलावलें. ती बराच वेळ पाहत बसली आणि म्हणाली, "काका, चिठ्ठ्यांचे क्रमांक दारावरच उलटसुलट होत असतील. आपण दार बदलून पाहूं." तिची शंका अगदींच निराधार नव्हती. करारांत प्रत्येक मागणीस क्रमांक दिलेला असतो आणि एकाच जोडणीवरून अनेक मागण्या मिसळून पाठविण्याची मुभाही आहे. वस्तुतः बहुतेक सर्व्हर ही मुभा वापरीत नाहींत. एका जोडणीवर एका वेळीं एकच मागणी चालवितात. तरी पण खात्री करून घेणें इष्ट होतें. प्रोग्रॅमची एक ओळही न बदलतां त्यास दुसऱ्या दारामागें बसविण्याचें ठरलें.

दुसरें दार अपाचेचें. हा सर्व्हर १९९५ पासूनचा, जुन्या घराण्याचा. त्याच्या 'मॉड-एफसीजीआयडी' या जोडभागाकडून प्रोग्रॅम सुरू होतो. मात्र प्रोग्रॅमच्या फाइलीस चालविण्याची परवानगी असली पाहिजे आणि तिच्या पहिल्या ओळींत पायथनचा ठावठिकाणा अचूक हवा. ती परवानगी द्यावयाची राहिल्यामुळें पहिली संध्याकाळ फुकट गेली. मग प्रोग्रॅम चालला, पण प्रत्येक पत्त्यांत फाइलीचें नांव मध्येंच डोकावूं लागलें. कारण असें: पत्त्याचे दोन तुकडे करून सर्व्हर आंत धाडतो. पहिला तुकडा म्हणजे प्रोग्रॅम कोठें बसला आहे तें, आणि दुसरा म्हणजे त्यापुढें पाहुण्यास काय हवें तें. हा छेद कोठें द्यावयाचा याविषयीं प्रत्येक दाराची चाल निराळी. व्याकरणांत प्रकृति कोठें संपते आणि प्रत्यय कोठें सुरू होतो हें चुकलें म्हणजे सारें रूपच बिघडतें, तसेंच हें. पुतणीनें पत्ता फिरविण्याचा नियम लिहून तें नांव झांकलें.

त्यानंतर आमच्याच सांगण्यावरून तिनें आणि तिच्या दोन मैत्रिणींनीं मुद्दाम अर्धवट पत्रिका धाडल्या. दोष तसाच होता.

तिसरें दार एंजिनएक्स. रशियाच्या इगोर सिसोयेव यांनीं तें २००४ सालीं जगापुढें आणलें. त्याची शिस्त फार कडक आहे. तो आचाऱ्यास बोलावीत नाहीं, चूल पेटवीत नाहीं. तुम्हीं आधीं पेटवून ठेवलेल्या चुलीकडे फक्त चिठ्ठी नेतो. म्हणून प्रोग्रॅम सुरू करणें, आणि तो पडला तर पुन्हां उभा करणें, याची व्यवस्था निराळी करावी लागते. ती नव्हती, तेव्हां पडद्यावर '५०२' हा आंकडा झळकला. त्याचा अर्थ, दार उघडें आहे, पण आंतून नीट उत्तर येत नाहीं. व्यवस्था केली तरीही ५०२! प्रोग्रॅम आणि सर्व्हर निरनिराळ्या नांवांनीं वावरत होते, आणि त्यांच्यामधील सॉकेटला, म्हणजे ज्या झरोक्यांतून चिठ्ठ्या द्यावयाच्या त्याला, हात लावण्याची सर्व्हरास मुभाच नव्हती. ती मिळाल्यावर पान दिसलें, पण कोणतेंही पान मागा, मुखपृष्ठच समोर येई. एंजिनएक्सबरोबर येणाऱ्या ठरीव यादींत पत्त्याचा तो दुसरा तुकडा नसतो. तो आपण स्वतः लिहून द्यावा लागतो. पाहुण्यास काय हवें हें आंत कळतच नव्हतें, म्हणून आचारी प्रत्येकास वरणभातच वाढीत होता.

तीही ओळ लिहिली. सगळें सुरळीत झालें. पुन्हां अर्धवट पत्रिका धाडल्या, आणि पुन्हां दुसऱ्याचीं उत्तरें उगवलीं.

तीन दारें बदललीं, तिन्हींच्या चाली निराळ्या, आणि दोष मात्र तोच. तर्कशास्त्रांत याला अन्वय म्हणतात. व्यतिरेक पाहण्यासाठीं पुतणीनें तोच प्रोग्रॅम पुन्हां जुन्या सीजीआयच्या पद्धतीनें चालविला. दोष नाहींसा झाला! तेव्हां ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, दारांचा दोष नाहीं. माझें भांडें उष्टें आहे."

तें असें. मुलाचीं उत्तरें ठेवण्यासाठीं तिनें प्रोग्रॅमच्या आरंभींच एक वीस कप्प्यांची जागा केली होती. मिसळणाचा डबा असतो तशी समजा. मुलानें ज्या प्रश्नाचें उत्तर दिलें असेल त्याच्या वाटींत तें पडे. सोडलेल्या प्रश्नाच्या वाटीला हात लागत नसे. सीजीआयमध्यें प्रत्येक मुलामागें प्रोग्रॅम संपे आणि डबाही त्याच्याबरोबर जाई, म्हणून पुढच्यास नेहमीं कोरा डबा मिळे. फास्ट-सीजीआयमध्यें प्रोग्रॅम जागाच राहतो आणि डबाही तोच राहतो. आधीच्या मुलीनें भरलेली वाटी पुढच्या मुलानें भरली नाहीं, तर त्यांत तिचेंच उरलेलें राही. आचारी दोन, म्हणून डबेही दोन; त्यामुळें दोष कधीं दिसे, कधीं दिसत नसे. पुतणीनें एकटीनें तपासतांना प्रत्येक वेळीं वीसही उत्तरें भरलीं होतीं, त्यामुळें तिला तो दिसलाच नाहीं. दुरुस्ती दोन ओळींची होती: प्रत्येक मागणीस नवा डबा घ्यावयाचा. दुरुस्ती केल्यावरही पहिल्या क्षणीं फरक पडला नाहीं, कारण जागा असलेला प्रोग्रॅम जुनीच समजूत धरून बसला होता. त्यास थांबवून पुन्हां सुरू केल्यावर दोष गेला.

आमच्या घरांत उष्ट्या-खरकट्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकाचें भांडें न घांसतां दुसऱ्यास वाढूं नये, हें आम्ही मुलांस बोलूं लागण्याआधीं शिकवितों. चूल अखंड ठेवावयाची तर भांडीं अधिकच निगुतीनें घांसलीं पाहिजेत, हें त्यावरून कोणासही सुचावें. पुतणी फार ओशाळली होती. तिच्या चुकीस दोन ओळी पुरल्या. आमच्या चुकीस तेवढ्यानें भागणार नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. त्याच्या आईस आणि त्यास झाली हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. आरोप चारचौघांत केला होता, म्हणून क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे; तेव्हां त्या सायंकाळीं वर्गांत सर्व मुलांसमोर ती पुन्हां मागितली. चाळीस वर्षांत पुरावा पाहून निर्णय देण्याची आम्हांस संवय लागली होती. पुरावा आमच्यापर्यंत कोणत्या वाटेनें आला हें विचारण्याची नव्हती. मुलगा सांगत होता तें शब्दशः खरें होतें, आणि यंत्राच्या कागदापुढें आम्हीं त्याच्या शब्दाची किंमत शून्य धरली. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "गुरुजी, मग ते तीन प्रश्न कोरे धरावयाचे ना? माझे गुण किती?" सतरांपैकीं पंधरा बरोबर होते. वीसांपैकीं पंधरा, असें आम्हीं सांगितलें, आणि त्यानें तें वहींत स्वतःच्या हातानें लिहून घेतलें.

आतां ज्या घरीं असा व्यवसाय करणारें कोणी असेल, त्यांनीं त्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. प्रोग्रॅम सुरू कोण करतो, सर्व्हर कीं दुसरें कोणी? तो पडला तर उभा कोण करतो? दोघांमधल्या झरोक्यास हात लावण्याची मुभा दोघांसही आहे ना? पत्त्याचे तुकडे नव्या दारावर कोठें पडतात? सुधारणा केल्यावर जुना प्रोग्रॅम थांबविला काय? आणि शेवटीं, एका पाहुण्याचें कांहीं दुसऱ्याच्या पानांत राहत नाहीं ना? हा शेवटचा प्रश्न फास्ट-सीजीआयपुरताच नाहीं. पायथनच्या मंडळींत हल्लीं दुसरे करार अधिक चालतात. जॅंगो या प्रसिद्ध चौकटीनें २०१५ सालीं फास्ट-सीजीआयची आपली सोय काढूनही टाकली. उलट पीएचपी भाषेनें २०१० सालीं त्याचा स्वतःचा व्यवस्थापक मूळ भाषेबरोबरच देण्यास आरंभ केला, आणि आजही असंख्य संकेतस्थळें त्यावर चालतात. करार कोणताही असो, जेथें प्रोग्रॅम जागा राहतो तेथें भांडें घांसण्याचें काम आपलेंच राहतें.

आमचा वर्ग पुन्हां बावीसांचा झाला आहे. प्रोग्रॅम सध्यां एंजिनएक्सच्या दारामागें सुखानें नांदतो. एक गोष्ट मात्र आम्हीं बदलली आहे. पत्रिकेंत कांहीं संशयास्पद दिसलें, तर आम्ही प्रथम मुलास एकट्यास बोलावतों आणि तो काय सांगतो तें पुरतें ऐकून घेतों, तपासणी त्यानंतर.